ओढ्याचे मौन

पाऊस कोसळत होता आणि घरामागचा ओढा मात्र आटत चालला होता. डोंगरउतारावरच्या वाडीत मी पारूमावशींकडे उतरले होते. त्यांनी उरलेले पाणी ओंजळीत घेऊन हुंगले. तुटलेल्या मुळांचा, उकरलेल्या मातीचा वास मलाही आला.

"वर तुंबलंय. सूनबाई, पोरीला उचल," मावशींनी घरातल्या सुनेला हाक दिली.

वर बंगल्यांसाठी रस्ता कापणारा मुकादम चहाला आला होता. तो हसला. "मावशी, पाणी कमी झालं तरी भ्या?"

"कापल्याला डोंगर तू वड्यात लोटलास. त्यो काय थितंच बसंल व्हय?"

आम्ही शेजारची डोंगराची सोंड चढलो, मागोमाग धापा टाकत मुकादमही. मग ओढ्याच्या वाटेने पाणी नव्हे, डोंगरच आला. दाट, तांबडा, खडकांना भुशासारखा उधळत. चूल अजून पेटलेली होती. घरासकट ती त्याने गिळली.

याला निसर्गाचा कोप म्हणतात. किती सोयीचा शब्द! डोंगर कोपत नाही. आपण मोकळी केलेली माती पाणी पिऊन जड होते आणि दिलेल्या वाटेने उतरते. कोप माझ्यात होता.

मुकादम कुडकुडत होता. मावशींनी घोंगडीचे एक टोक त्याच्याकडे सरकवले.

मी सरकवले नसते.