यमुनेचा नमुना पाठ

माघ वद्य चतुर्थी, सोमवार. धारची मुलींची शाळा, वरचा वर्ग. हजर: इन्स्पेक्टरसाहेब; मी, मुख्य शिक्षिका; असिस्टंट यमुना, वय अठरा; तिचे सासरे मल्हारपंत, खातेगांवहून आलेले; मुली एकोणीस. गैरहजर दोन, देवी आल्यामुळे.

यमुना फळ्यापाशी उभी होती. साहेबांनी घड्याळ काढून मेजावर ठेवले होते.

असिस्टंट म्हणजे मुख्य शिक्षिकेच्या हाताखाली वर्ग सांभाळणारी. नेमणूक कच्ची असते. कायम व्हायचे तर इन्स्पेक्टरांसमोर एक धडा शिकवून दाखवावा लागतो. त्याला नमुना पाठ म्हणतात. तो चालू असताना मुख्य शिक्षिकेने बोलायचे नाही. बोलली तर पाठ रद्द.

यमुना विधवा. मल्हारपंतांनी मला सरळ सांगितले होते, "कायम झाली तर राहू दे इथं. नाही तर घरी नेऊन केशवपन उरकतो. वर्षभर थांबलो, पुष्कळ झालं."

म्हणून मी आठवडाभर तयारी केली. फळा काळा केला, नकाशाची फाटकी कड शिवून घेतली, बाके पुसली. यादीतले शेवटचे काम, मुलींचा गलका बंद करणे. यमुनेच्या तासाला तो फार असे. ती गोष्ट सांगता सांगता थांबे, "कोण बरं?" विचारी, आणि साऱ्या एकदम ओरडत. मला वाटे, काय छान पद्धत आहे! पण साहेबांसमोर ते बरे दिसले नसते. मी मुलींना ताकीद दिली: हात वर करायचा, नाव पुकारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही.

धडा होता मराठे माळव्यात आले तो. यमुना नर्मदेच्या उतारापासून निघाली. नकाशावर काठी नीट फिरत होती. साहेब मान डोलावत होते. मी मनात तिला कायम करूनही टाकले.

"आणि होळकरांच्या घराण्याचा पाया घातला," यमुना म्हणाली, "तो कोणी बरं?"

वर्ग चिडीचूप. चंपाचा हात तेवढा वर गेला.

"मुलीला नको," साहेब म्हणाले. "ती घोकून आली असेल. बाई, तुम्ही सांगा."

यमुनेने दाराशेजारच्या बाकाकडे पाहिले. मल्हारपंत काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षभर ती मुलींच्या तोंडून सासऱ्यांचे नाव काढून घेत होती.

"सुभेदार होळकर," ती म्हणाली.

"ते आडनाव झालं. नाव?"

तिने खडू उचलला. फळ्यावर "म" काढला आणि पदराने पुसला. साहेबांनी घड्याळ खिशात टाकले आणि लिहिले: विषयाचे ज्ञान अपुरे.

पाठ संपल्यावर मी तोंड उघडले. "साहेब, ते तिच्या मामंजींचं नाव आहे."

"मग इतिहास बदलून घेऊ का? रिमार्क लिहून झाला, बाई. लेखी खुलासा पाठवा, दुसऱ्या पाठाचं पाहू."

मी मल्हारपंतांना विनवले. "एकदा परवानगी द्या. शाळेपुरती."

"परवानगी?" त्यांचा चेहरा फुलला होता. "इतक्या लोकांत नाव घेतलं नाही पोरीनं. घरंदाज निघाली सून. चल ग, गाडी उभी आहे."

यमुनेने पट्टी, डस्टर आणि हजेरीपट माझ्या हाती मोजून दिला. "जिभेपर्यंत आलं होतं, बाई," ती म्हणाली. "फुटलंच नाही."

वर्गात चंपा रडत होती. "आम्ही ओरडणारच होतो. तुम्हीच तर मना केलं होतं!"

खरे होते. एकोणीस मुली ओरडल्या असत्या, तर ते नाव साहेबांनी विचारण्याआधीच बाहेर पडले असते. आता मी नव्या असिस्टंटला तिच्या घरातल्या मोठ्यांची नावे आधी विचारून घेते.

पुढच्या आठवड्यात खातेगांवहून निरोप आला. विधी उरकला.

खुलाशाचे पत्र अजून गेलेले नाही. त्यात कारण लिहावे लागेल, आणि मुलींना गप्प कोणी बसवले तेही. मायना लिहून झाला आहे. खालचा मजकूर बाकी.