चिंबोरीच्या टरफलांचा मांडव

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये संशोधन सावकाश चालतं. किस्से मात्र आपोआप साठतात आणि फ्रीजमध्ये न ठेवताही टिकतात!

काम सांगायला सोपं. चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या टरफलांपासून स्पंज करायचा, त्यावर पेशी वाढवायच्या. झिजलेल्या गुडघ्यात कधीतरी नवी कूर्चा बसावी म्हणून. संशोधन मॅडमचं, मी तिथे लॅब असिस्टंट.

*

टरफलं आणायची किन्हवलीकडची ठमाबाई. ओहोळात चढउतार करून तिचेच गुडघे गेलेले. मॅडमनी तिला स्पंज दाखवला. "हा नुसता आधार. पेशी वाढल्या की विरघळतो."

"म्हंजी दुधीचा मांडव! पन मांडव गेल्यावर वेल पडल ना गो बाय?"

"तोवर तो आपल्या बळावर उभा राहतो."

"बघू," ठमाबाई म्हणाली. पटलं नव्हतं.

*

एकदा ड्रायर चालू असताना वीज गेली. स्पंजांचे पापड झाले. नेमके त्याच दिवशी पाहुणे प्राध्यापक आले. एक पापड उचलून म्हणाले, "वेगळंच दिसतंय. कशापासून केलंत?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "लोडशेडिंगपासून!"

*

ठमाबाई आजारी पडली तेव्हा माझी बायको सुनंदा म्हणाली, "आपल्या रश्श्यातली टरफलं न्या की." धुऊन, वाळवून तिनं डबाभर दिली. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकली आणि पाणी लाल!

"काका, रक्त!" एक विद्यार्थिनी किंचाळली.

"रश्श्यातली हळद आहे ती, कॉस्टिकमध्ये लाल होते," मॅडम म्हणाल्या. "वहिनींना सांगा, पुढच्या वेळी रस्सासुद्धा पाठवा!"

घरी सांगितलं. सुनंदा म्हणाली, "आधी माझा डबा परत करा म्हणावं!"

त्यानंतर घरी चिंबोऱ्या झाल्या की ती डबा भरून ठेवायची.

*

सुनंदा गेली त्याला दोन वर्षं झाली. तिनं भरलेला शेवटचा डबा फडताळात होता. मी कुणाला बोललो नव्हतो.

यंदा पाऊस सरल्यावर ठमाबाई काठी टेकत आली. "माज्या गुडघ्याचा मांडव कुठवर आला?"

"तुझ्या नातीपर्यंत पोचेल बहुतेक," मॅडम म्हणाल्या. "पण शेवटच्या चाचणीला टरफलंच नाहीत."

"चिंबोरी बिळात, मी घरात. कोन आननार आता?"

दुसऱ्या दिवशी मी डबा टेबलावर ठेवला. मॅडमनी झाकण उघडलं. "वहिनींचा?"

मी मान हलवली.

"नक्की ना?"

"घाला."

पाणी लाल झालं. या वेळी कुणी किंचाळलं नाही.

"पाणी बदलू का, काका?" त्याच मुलीनं विचारलं.

"दहा मिनिटं राहू दे," मी म्हटलं.