तू की तुम्ही?

डोळे गेले तसे शामकांत सामंत बोलायचेच बंद झाले. जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये आवाज चढवून बोललेला माणूस. २००४ साली परदेशी, मुलाच्या टॅम्पिनीसमधल्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी नुसता बसून राहू लागला. चहा विचारला तरी हुंकार. मुलाने हात टेकले, डॉक्टरांनी 'वेळ द्या' म्हटलं. कुमुदताई मात्र हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. नवऱ्याचा आवाज त्यांना परत हवा होता.

तरुणपणी नवं जहाज ताब्यात घ्यायला शामकांत काळ्या समुद्राकाठच्या गोदीत वर्षभर राहिले होते. तिथे रशियन शिकले आणि तिथल्या एका थोर कादंबरीकाराच्या प्रेमात पडले, ते कायमचेच. म्हणून कुमुदताईंनी नातीला, तन्वीला, लायब्ररीतून त्याची कादंबरी आणायला लावली.

"आज्जी, सो थिक, लाह!" शाळेतल्या मुलांच्या ढंगात म्हणत तिने तो इंग्रजी ठोकळा टेबलावर आदळला.

रोज दुपारी कुमुदताई इंग्रजीत बघून तोंडाने मराठी करत वाचू लागल्या. लेखकाच्या बायकोने त्याची अवाढव्य हस्तलिखितं पुन्हापुन्हा हाताने उतरवून काढली, हे प्रस्तावनेतच कळल्यावर त्या भडकल्या. "नाव याचं, आणि बोटं मोडली तिची!" पण गोष्ट सुरू झाली आणि राग कुठल्या कुठे पळाला. बाईच्या मनातलं इतकं कसं कळतं मेल्याला, असं त्या मोठ्याने म्हणत. शामकांतांचं तोंड खिडकीकडेच.

मग एका प्रकरणात बायको नवऱ्याशी कडाडून भांडते. कुमुदताईंनी आपल्या वळणाने तिच्या तोंडी घातलं, "अहो, तुम्ही मला फसवलंत!"

"तुम्ही नव्हे, तू!" खिडकीकडून खेकसणं आलं.

"नवऱ्याला?"

"रशियनमध्येही तू आणि तुम्ही वेगळं असतं. इंग्रजीने दोन्ही गिळलं. इथे ती तूच म्हणते, म्हणून तर ते लागतं!"

कुमुदताईंचे डोळे भरून आले, पण बाई मोठी वस्ताद. तेव्हापासून प्रत्येक संवादाला थांबून त्या विचारायच्या, "तू की तुम्ही?" स्वतःला कळलेलं असलं तरी! शामकांतांना उत्तर द्यावंच लागे. मग ते पात्र कसं आहे ते सांगावं लागे, त्यावरून गोदी, तिथली थंडी, तिथली माणसं. संध्याकाळी मुलगा जुरोंग आयलंडवरच्या नोकरीवरून येई तेव्हा घरात वाद रंगलेला असे.

एके दुपारी भर वाचनात शामकांत म्हणाले, "कुमुद, मला नाही कधी तू म्हणालीस."

"काहीतरीच तुमचं!"

"नाही, खरंच. इतक्या वर्षांत एकदा तरी?"

कुमुदताईंनी पुस्तक जवळ ओढलं. पुस्तकातली ओळ दिसेना. जिभेवर आलेलं 'अहो' त्यांनी गिळलं आणि त्या कडाडल्या,

"गप्प बस. वाचू दे मला."