बसवून ठेवलेल्यांच्या डॉक्टरबाई

तार शाळेत आली. मी पाचवीच्या वर्गाला शिकवत होतो. डॉक्टर अनसूयाबाई वारल्या, एवढंच तिच्यात होतं. हेडमास्तरांनी ती माझ्या हातून घेऊन वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "चला, वय झालं होतं." खरं सांगतो, मला आधी दुःख झालं नाही, संताप आला. या बाईंनी आयुष्याची शेवटची आठ-नऊ वर्षं याच तीन शब्दांशी भांडण्यात घालवली. आमच्या सालेकसा भागातल्या गावांत म्हातारं माणूस जेवेनासं झालं, बोलेनासं झालं, भिंतीकडे तोंड करून पडून राहिलं, की घरचे हेच म्हणत, वैद्य हेच म्हणत आणि शहरातले मोठे डॉक्टरही हेच म्हणत. आता त्याच शब्दांत बाईंची बोळवण? मी म्हणालो, "वय नव्हतं झालं. भांडायला गेल्या होत्या, भांडण अर्धं राहिलं." आज महिना होत आला, माझा राग उतरलेला नाही, आणि हा लेख मी त्या रागातच लिहितो आहे.

त्या आमच्या गावात आल्या तेव्हा स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती. त्याआधी दूरच्या एका शहरात मनोरुग्णांच्या इस्पितळात त्या नोकरीला होत्या. उतारवयातली उदासी म्हणजे म्हातारपण नव्हे, तो आजार आहे आणि त्यातून माणूस उठू शकतो, असा निबंध त्यांनी लिहिला. वरिष्ठांनी तो परत केला. म्हातारी माणसं उदास असायचीच, त्यात शोधायचं काय, असं म्हणाले म्हणे. बाईंनी राजीनामा टेबलावर ठेवला आणि एक ट्रंक घेऊन आमच्या स्टेशनवर उतरल्या. इस्पितळात आणतात ते आरडाओरडा करणारे, घरात मुकाट बसलेल्यांना कोण बघतं, असं त्यांचं म्हणणं. आमची रस्त्याकडची खोली रिकामी होती, ती त्यांनी भाड्यानं घेतली. पांढरं पातळ, पायांत जाड चपला, काखेत वही. चार-चार कोस पायी जायच्या. एकटी बाई रानातून हिंडते म्हणून गावानं नावं ठेवायची तेवढी ठेवली. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या दिवसांत आमच्याच घरात एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. माझी आई. वडील गेल्यावर घराचा कारभार माझ्याकडे आला आणि मी मोठ्या प्रेमानं तिला सांगितलं, "माय, आता तू काही करू नको. बसून खाय." तोवर कोणत्या बांधीत कोणतं धान लावायचं, बियाणं कुठलं ठेवायचं, रोपांसाठी पऱ्हे कधी टाकायचे, हे सगळं ती ठरवायची. ते मी घेतलं. माझी बायको तिला झाडूलासुद्धा हात लावू देईना. लोक म्हणतील, म्हातारीले राबवतात. आमच्या भागात यालाच संस्कार म्हणतात. वर्षभरात आई बोलायची थांबली. ताट तसंच परत यायला लागलं. औषधं झाली, अंगारे झाले... मी मनाची तयारी करून बसलो होतो.

बाईंनी एकच प्रश्न विचारला, "यांच्या हातून शेवटचं काम कधी काढून घेतलंत?" मी अभिमानानं म्हणालो, "वर्ष झालं, काडीला हात लावू देत नाही." त्यांनी ते वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आजार कधी सुरू झाला ते कळलं." असा राग आला होता मला! खोली खाली करा म्हणून सांगणारच होतो.

त्यांचंही चुकलं, हे सांगितलं पाहिजे, कारण त्यांनी स्वतःच ते कधी लपवलं नाही. हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी आईपुढे तांदळाचं सूप ठेवलं. आईनं दोन-चारदा बोटं फिरवली आणि सूप भिरकावून दिलं. कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज ऐकू आला. "निवडलेले तांदूर परत निवडाले देऊन राहिली? मले येडी समजते काय?" बायको घाबरून धावली. बाई मात्र खो-खो हसल्या, सांडलेले तांदूळ वेचले, आईच्या पाया पडल्या आणि वहीत लिहिलं : खोटं काम देऊ नये, अपमान होतो. मग माझ्याकडे वळल्या. "खरं काम म्हणजे काय मास्तर? जे चुकलं तर नुकसान होतं, ते. यंदाचं बियाणं त्यांना ठरवू द्या."

वर्षाचं धान सबंध घराच्या तोंडचं. भ्रमिष्टासारख्या पडून असलेल्या बाईच्या हाती ते कसं द्यायचं? आठ दिवस मी टाळलं. बाईंनी मला धारेवर धरलं, "तुम्हाला आई हवी आहे, की नुसती तिची सेवा केल्याचं समाधान?" त्या वाक्यानं मी रात्रभर तळमळलो. सकाळी आईला धरून बियाणं साठवलेल्या ढोलीपाशी नेलं. तिनं मूठभर धान काढलं, हुंगलं, एक दाणा दाताखाली फोडला. "हे बी कोनं ठेवलं? ओलंच भरलं. मुर्दाडा, तुह्या बापानं असं कधी केलं नाई." ठेवलं मीच होतं. एवढ्या प्रेमानं मला आजवर कोणी शिव्या दिलेल्या नाहीत. मी ढोलीला टेकून रडलो. अर्धं बियाणं तिनं बाद केलं आणि शेजारच्या गावातून दुसरं आणवलं. पुढं रोवण्यात, रोपं लावताना, ती बांधावर उभी राहून ओरडत होती आणि बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

बाईंचं सगळं असंच यशस्वी झालं असं मुळीच नाही. काहींना औषधांचीच गरज असे, त्यांना त्या स्वतः शहरात घेऊन जात. पलीकडच्या टोलीवरचा, म्हणजे वस्तीवरचा, एक गोंड म्हातारा त्यांना नाही उठवता आला. तो गेला त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. निबंध तीनदा परत आला. चौथ्यांदा, वह्यांची ट्रंक घेऊन, त्या स्वतःच शहरात गेल्या... तिथं ताप आला, आणि मग ती तार. आता कोणी म्हणतं, ते संशोधन मान्य झालं नाही. न होवो! आमच्या घरात ते धान पेरतं आणि मला शिव्या देतं.

आणि आता माझी लाज सांगतो. तार आली त्या दिवशी घरी गेलो आणि आईला काहीच सांगितलं नाही. तिला सोसणार नाही, बसू दे निवांत, असं वाटलं. बाईंच्या इतक्या वर्षांच्या सहवासानंतर! तिसऱ्या दिवशी तिला बाहेरून कळलं. ती काठी टेकत दारात उभी राहिली. "मी जिती हावो ना? मंग मले काऊन नाई सांगितलं?" ती बाईंच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. रडल्याचा आवाज आला, मोठ्यानं, लाज न बाळगता. मीही बाहेर ओट्यावर बसून रडलो.

बाजाराच्या दिवशी आसपासची म्हातारी माणसं बाईंच्या खोलीत येत. परवाच्या बाजारी आईनं खोली झाडली, सतरंजी अंथरली आणि बाईंच्या जागेवर जाऊन बसली. तिला लिहिता येत नाही, म्हणून मला हाक मारली. "पोरा, वही घेऊन ये." पहिला म्हातारा मुलाच्या खांद्याला धरून आला होता. आईनं विचारलं, "काय करून राहिले बाप्पा आजकाल?"

"काई नाई बाई. बसून आहो."

"कोनं बसवलं?"

म्हाताऱ्यानं मुलाकडे बोट दाखवलं. आई मला म्हणाली, "लिही त्याचं नाव." मुलगा माझाच जुना विद्यार्थी. तो ओशाळून माझ्याकडे पाहत होता, पण मी त्याला वाचवलं नाही. नाव लिहिलं.