उंबरठ्यातलं वेटोळं

आमच्या भागातल्या कोणत्याही जुन्या इमारतीत शिरलात, की तुमच्या पायाखाली घोटूकाकांचं काम असतं. शाळेचा जिना, बँकेचा व्हरांडा, दवाखान्याचा लांबलचक बोळ, सगळीकडचा दगड त्यांनीच घासून, घोटून आरशासारखा केला. म्हणून ते घोटूकाका. आपलं खरं नाव बायकोलाही चटकन आठवत नाही, असं ते स्वतःच सांगत.

त्यांची खरी करामत मात्र कुणाला दिसत नसे. फरशीत खड्डा, चीर किंवा वेडावाकडा डाग निघाला, की ते त्याच दगडाची भुकटी चिकट रसायनात कालवून तो लगदा, म्हणजे लांबी, तिथे भरत आणि वरून घोटत. मग ती जागा दुसऱ्या कुणाला सापडू नये. “डाग शोधून दाखवा, बाई,” असं ते मला म्हणत. मी शाळेत भूगोल शिकवायची. तीस वर्षं त्यांचाच जिना चढले, पण एकही डाग सापडला नाही.

काकांची श्रद्धा मोठी बोलघेवडी होती. कामाला जाण्याआधी ते माझ्या घरासमोरच्या प्रार्थनाघरात जात आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं देवाशी बोलत. “जरा गुडघ्यांकडे बघ. दोन दिलेस, दोन्ही एकाच दिवशी बिघडले. एवढी शिस्त कशाला?”

त्यांची एकुलती एक मुलगी माझ्या वर्गात होती. फ्रॉकच्या खिशात कायम दगडगोटे, म्हणून मुलं तिला खडी म्हणत आणि तिलाही ते आवडे. पुढे ती भूगर्भशास्त्र शिकली आणि दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. दोन वर्षांपूर्वी ती सुट्टीवर आली असताना जेवायला बसल्यावर विषय निघाला. देवानं मोजक्या दिवसांत जग उभं केलं, असं काका म्हणाले. खडी म्हणाली, “बाबा, तुम्ही घासता तो नुसता दगड व्हायलाच लाखो वर्षं लागतात.”

“माझ्या घरात देवाला खोटं पाडायचं नाही.”

“मग मला पाडा. मी सोपी आहे.”

ती ताटावरून उठली. त्याच आठवड्यात प्रार्थनाघराच्या विश्वस्तांनी भर सभेत, “शिकलेल्या मुलांना हल्ली वर काहीच दिसत नाही,” असा टोमणा मारला. खडी बाहेर आली आणि या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं आईला सांगून गेली. काकांनी मुलीची बाजू घेतली नाही. ते खाली मान घालून बसून राहिले, आणि तिला लागलं ते हेच.

त्यानंतर ती सुट्टीवर यायची, पण बाप-लेकीचं बोलणं काकूंमार्फत चाले. “आई, बाबांना सांग, पाणी तापलंय.” “तिला सांग, मी बहिरा नाही.” काकू दोघांकडे बघून म्हणत, “मला पगार तरी द्या रे कुणीतरी.”

यंदा प्रार्थनाघराची दुरुस्ती निघाली. फरशीचं काम काकांनी घेतलं आणि हे शेवटचं असं जाहीर केलं. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाले, “बाई, लहानपणी माझी प्रत्येक फरशी आधी ती बघायची. अनवाणी घसरून बघायची. ही शेवटचीही तिनं बघावी, एवढंच वाटतं.”

“मग बोलवा तिला.”

“आणि नाही म्हणाली तर?”



दाराच्या उंबरठ्यासाठी चुनखडकाची एक लांब लादी आणली होती. काका ती अंगणात घासत होते. माझी खिडकी त्या अंगणावरच उघडते, त्यामुळे पुढचं मी पाहिलं. दुपारी पाण्याखाली दगड चमकायला लागला, तेव्हा त्यात शंखासारखं वेटोळं उमटलं, तळहाताएवढं. काकांनी नेहमीप्रमाणे ‘च्’ केलं, भुकटी कालवली आणि लांबी भरायला घेतली. निम्मं वेटोळं बुजलं होतं तेवढ्यात सुट्टीवर आलेली खडी त्यांचा डबा घेऊन फाटकाशी आली.

“बाबा, थांबा!”

दोन वर्षांत ती त्यांच्याशी थेट बोलली, ते हे पहिले दोन शब्द. काकांच्या हातातली लांबी भरायची पट्टी तशीच राहिली. खडी डबा तिथेच ठेवून लादीपाशी बसली.

“हा डाग नाहीये. हा प्राणी आहे. समुद्रात राहायचा. मेल्यावर तळाच्या गाळात रुतला आणि त्या गाळाचा दगड झाला.”

“इथे कुठला समुद्र?”

“होता. पंधरा कोटी वर्षांपूर्वी.”

काकांनी बोट ओलं करून वेटोळ्याच्या उघड्या भागावरून फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

“अशी खूप असतात?”

“या दगडात असतात. का?”

काकांनी पट्टी खाली ठेवली. “शाळेच्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर होतं एक. बँकेत दोन. दवाखान्यात तर ओळीनं पाच. मीच बुजवली.”

 खडीने डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी काका जाड सुई घेऊन भरलेली लांबी कणाकणाने उकरत बसले होते. तेवढ्यात विश्वस्त आले. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं.

“काका, हे बुजवा. लोक इथे मन शांत करायला येतात. दारातच पंधरा कोटी वर्षं पाहून बिथरतील.”

“डाग असता तर बुजवला असता. ही घडवलेली वस्तू आहे, साहेब. मी पन्नास वर्षं दगड घोटतोय, मला एक वळण असं जमलं नसतं.”

“पण आपण लोकांना सांगतो काय, आणि...”

“किती दिवस लागले ते मला माहीत नाही. मी मोजायला नव्हतो. त्याला घाई नव्हती, एवढंच मला नवीन कळलंय. आणि आमच्या खडीला वर दिसत नसेल, पण खाली पुष्कळ दिसतं. तेव्हाच बोलायला हवं होतं मी.”

विश्वस्त जरा ओशाळले. विजार सावरत उकिडवे बसले आणि त्यांनीही बोट फिरवून पाहिलं. “सुबक आहे खरं,” ते म्हणाले. मग उठता उठता, “लोकांनी विचारलं तर सांगणार कोण? मी?”

“सांगणारी आहे,” काका म्हणाले आणि त्यांनी हळूच माझ्या खिडकीकडे पाहिलं. खडीला विचारायचं तर अजून बाकीच होतं.

त्यांनी विचारलं कसं, ते काकूंकडून कळलं. जेवताना म्हणाले, “हिला सांग, रविवारी...” काकूंनी वाढणं थांबवलं. “मी सांगणार नाही. माझी नोकरी संपली.” मग काकांना मुलीकडे बघून बोलावंच लागलं. “माझं शेवटचं काम आहे. येशील का?” खडी म्हणाली, “दारापर्यंत येईन.”

रविवारी ती दारापर्यंत आली. उंबरठ्याबाहेर बसून तिने येणाऱ्या प्रत्येकाला समुद्र सांगितला. काहींनी मान हलवली, काहींनी नाक मुरडलं, एकाने “देव जाणे,” म्हणून पाय उचलून ओलांडलं. काका आतल्या बाजूला भिंतीला टेकून उभे होते. मग एक आजीबाई आल्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसे. “मला नाही गं सापडत. कुठाय तो?” बाहेरून खडीचीच सावली दगडावर पडत होती.

“आत ये,” काका म्हणाले. “उजेड इकडून चांगला आहे.”

खडीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या, वेटोळ्यावर पाय पडणार नाही असं बेतानं ओलांडून आत आली, आणि आजींचं बोट धरून त्यांना एकेक वळण दाखवलं. ते झाल्यावर बापाशेजारी जाऊन उभी राहिली.

“बाबा, मी अजून मानत नाही हं.”

“मी कुठे विचारलं? फरशी कशी झालीये ते सांग.”

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि त्या गर्दीत, तिशी ओलांडलेली बाई, अनवाणी पायांनी हातभर घसरली. “चांगली झालीये,” ती म्हणाली.

काका निवृत्त झाले असं आम्ही समजत होतो. पण परवा शाळेवरून जाताना पाहिलं, तर ते गुडघ्याखाली उशी घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सुईने काहीतरी उकरत होते आणि खडी वरच्या पायरीवर बसून बॅटरीचा उजेड धरत होती. गुडघ्यांवरून देवाशी भांडण चालूच होतं. “जरा डावीकडे धर,” काका म्हणाले. ते देवाला नव्हतं. खडीने बॅटरी डावीकडे नेली, आणि जिच्यावरून मी तीस वर्षं भूगोल शिकवायला वर गेले, त्या पायरीत एक बारीकसं वेटोळं दिसायला लागलं.