मधून न उचलणारी रूपी

उधव्याच्या अलीकडे आमचा पाडा. इथे कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे मला त्या घराच्या आधी कळतं. तरी रूपीची गोष्ट माझ्या नाकाखालून निसटली, याची लाज अजून जात नाही.

रूपी म्हणजे सुदामची थोरली. नववीत दोनदा नापास. पुस्तक समोर धरलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागतात, असं ती सांगायची आणि वर्ग खिदळायचा. मीही खिदळलो होतो. शाळा समितीवर असलो म्हणून काय झालं! तिसऱ्या खेपेला हेडमास्तरांनी सुदामला बोलावून सांगितलं, "पोरीचा वेळ फुकट जातोय. बघा काय ते."

सुदामने रूपेशची जीप बघितली. ती रोज सकाळी सातला तिठ्यावर येते, पोरी कोंबते आणि गुजरात हद्दीतल्या कंपनीत डब्यांना झाकणं लावायला नेते. तिच्यात एकदा चढलेली पोर पुन्हा शाळेत आलेली माझ्या पाहण्यात नाही. सोमवारपासून रूपीची जागा ठरली.

त्याच आठवड्यात लाहूच्या पोराचं लग्न निघालं. लग्न लावणारी धवलेरी अर्थातच सोनीबाई. भिंतीवर लग्नाचा चौक लिहून झाला की गाऊन गाऊन एकेका देवाला मांडवात बोलावणारी, रूपीची सख्खी फुई, बापाची बहीण. लग्नाला भारती मॅडमही आल्या. शाळेत नव्या, डहाणूहून येऊन-जाऊन करणाऱ्या. साडी इतकी कडक की बसताना कुरकुरली. त्या बसल्या थेट सोनीबाईच्या पाठीशी, आणि त्यांना दिसलं ते असं. सोनीबाईचा घसा बसला होता, ओळी निसटत होत्या, आणि मागे बसलेली रूपी प्रत्येक ओळ तिच्या कानात आधीच सोडत होती. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत. आम्ही शंभर माणसं मांडवात होतो. आमचं लक्ष पंगतीकडे.

दुसऱ्या दिवशी मॅडम हेडमास्तरांशी भांडल्या. "ती ऐकून शिकते, सर. दहावीला तिला वाचून दाखवायला आणि लिहायला माणूस मिळू शकतो. डॉक्टरांच्या दाखल्यासाठी मी धावते. तुम्ही फक्त तिला जाऊ देऊ नका."

हेडमास्तर म्हणाले, शनिवारी समितीसमोर बघू. शनिवार आणि जीपचा सोमवार यांच्यामध्ये फक्त रविवार होता.

शनिवारी मॅडमनी वरच्या इयत्तेच्या पुस्तकातला हृदयाचा धडा दोनदा वाचला. रूपीने तो आधी ऐकलेला नव्हता. मग हेडमास्तरांनी आपलं पुस्तक उघडलं.

"हृदयाला कप्पे किती?"

रूपी गप्प.

"बरं, रक्त शुद्ध कुठे होतं?"

गप्पच. मॅडमनी पदराचं टोक मुठीत आवळलं. सुदाम दारात उभा होता. एकदाचं सुटलो, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर उमटायला लागलं. ते मला बघवेना.

तेवढ्यात बाहेर तंबाखू थुंकल्याचा आवाज आला.

"ए हेडमास्तर! मधून काय विचारतोस?" सोनीबाई दारात. आमच्याकडे देवालाही तू आणि हेडमास्तरालाही तूच. "माझ्याकडे शिकलेली पोर मधून उचलत नाही. मधून उचललं तर आधी बोलावलेले देव उठून जातात. तुझ्या लग्नात पंगत आधी न् अक्षता नंतर पडल्या काय?"

"अहो बाई, हा विज्ञानाचा धडा आहे."

"असंल. पहिल्यापासून म्हणायला लाव."

हेडमास्तरांनी हात हलवला. रूपीने डोळे मिटले आणि धडा सुरू केला, थेट लग्नाच्या चालीवर. मला हसू यायला हवं होतं, पण मी पुस्तकाकडेच बघत होतो. हेडमास्तरांचं बोट ओळीओळीवरून सरकत होतं. दीड पानावर ते थांबलं.

"थांब! इथली बारा-तेरा वाक्यं कुठे गेली?"

रूपीने डोळे उघडले. रंग उडालेला. ती मॅडमकडे बघायला लागली, आम्हीही. मॅडमनी आपलं पुस्तक चाळलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"सर, माझी इथली दोन पानं चिकटलीत. ती वाक्यं मी वाचलीच नाहीत."

हेडमास्तरांनी ती पानं स्वतः नखाने सोडवून बघितली. मग पुस्तक मिटून हळूच विचारलं, "कप्पे किती, बाळा?"

रूपीचे ओठ हलायला लागले. पहिल्या वाक्यापासून निघाली होती बिचारी. आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो.

"चार."

"हिचं नाव पटावर राहू दे," हेडमास्तर म्हणाले. सुदामने चौकटीतूनच मान डोलावली.

पण मॅडमचा चेहरा उतरलेलाच. "परीक्षेला तीन तास असतात. दर उत्तराला ही पहिल्यापासून निघाली तर?"

सगळ्यांनी सोनीबाईकडे बघितलं. तिने चंची उघडली, मिटली.

"ह्या धड्यात देव बोलावलेत काय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग उचल गं मधून. माझी सूट. पण माझ्या गाण्यात उचलशील तर तंगडं मोडीन."

सोमवारी सातला जीप आली. मी तिठ्यावर होतोच. असल्या वेळी मी घरी कसा असेन? रूपेशने हॉर्न मारला. सुदाम एकटाच पुढे झाला.

"पोरगी कुठाय?"

"शाळेत."

"मग माझी जागा?"

सुदाम रस्त्यातून बाजूला झाला. रूपेशने मागे वळून हाक दिली आणि रूपीच्याच वर्गातली गंगीची जमना डबा घेऊन चढली. जागा मिनिटभरही रिकामी राहिली नाही.

रूपी गेल्या वर्षी दहावी झाली. प्रत्येक पेपरला ओठ हलवत, शेवटच्या घंटेपर्यंत मॅडमना फाटकाबाहेर उभं करून. आता तलासरीला अकरावीत आहे. अक्षरं अजून चालतातच म्हणे.

रविवारी जीप नसते. त्या दिवशी रूपी जमनाला अंगणात बसवते आणि नववीचे धडे म्हणून दाखवते. जमना अर्धी झोपेत असते. तिने मधलंच काही विचारलं तर रूपी सांगत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.