भुतांचे फोटो

धाकू परबांनी विक्रोळीत तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. धंदा मुख्यतः मेलेल्यांवर. लग्नाच्या ग्रुप फोटोतून माणूस वेगळा काढायचा आणि बाराव्याच्या आत हार घालण्याजोगा मोठा करून द्यायचा. मेलेला एकही परत आला नाही. नातेवाईक मात्र यायचे, जरा गोरा करून द्या म्हणायला.

रविवारी नात श्रुतिका भुताचा गेम खेळत होती. जुन्या कॅमेऱ्याने भुतं टिपायची आणि डार्करूममध्ये फोटो धुवायचे. धाकू अर्थातच अक्कल शिकवायला शेजारी येऊन बसले.

ट्रेमधल्या कागदावर केस सोडलेली बाई उमटली. श्रुतिकाने गेममधल्या पोरीला फोटोसकट बाहेर पळवलं.

"हायपोच्या पाण्यात पक्का न करता उजेडात नेलास? काळा पडेल तो."

"आजोबा, भूत मागे लागलंय."

"लागू दे. आधी फोटो वाचव."

भुताने पोरीला गाठलं. स्क्रीन लाल झाली, खेळ संपला.

"मेली," श्रुतिका म्हणाली.

धाकूंनी चष्मा पुसला. "एवढ्या भुतांचे फोटो काढलेस. त्या पोरीचा एक तरी काढला होतास का? आता हार कशाला घालणार?"